फिलाडेल्फिया ईगल्सचा २०२४ चा मोसम : कोण आलं, कोण गेलं, अजिंक्यपद कसं मिळालं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहायला आले तेव्हा मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आता रविवार आला की घरात हिरवी जर्सी बाहेर निघते. ९ फेब्रुवारी २०२५ ला इथल्या टीमने, ईगल्सनी, सुपर बोल (एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा अंतिम सामना) जिंकला आणि तेव्हापासून नाशिकचे काका, पुण्यातल्या मैत्रिणी, इथे नव्याने आलेली मराठी मुलंमुली, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट, एका जागी लिहून ठेवते आहे. माझं मत आधीच सांगते. हा मोसम मैदानावर जिंकला हे खरंच, पण त्याचा पाया २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये, माणसं निवडताना घातला गेला.

प्रश्न : हा नेमका कोणता फुटबॉल? अगदी थोडक्यात सांगा.

अंडाकृती चेंडूचा, हाताने खेळायचा. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. १० यार्ड झाले की पुन्हा नवे चार. प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू पोचला की टचडाउन, त्याचे ६ गुण. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो किंवा दुसऱ्याच्या हातात देतो, रनिंग बॅक तो घेऊन पळतो, रिसीव्हर झेलतो. कबड्डीत पकडीसाठी साखळी धरतात, तशी इथे पाच दांडग्या माणसांची भिंत क्वार्टरबॅकसमोर उभी असते. तिला ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. हे पाच जण लक्षात ठेवा, पुढे ते वारंवार येणार आहेत.

प्रश्न : रोस्टर म्हणजे काय? एका टीममध्ये किती खेळाडू असतात?

रोस्टर म्हणजे टीममधल्या खेळाडूंची यादी. उन्हाळ्यातल्या सराव शिबिरात ९०. मोसम सुरू होण्याआधी त्यातले ५३ ठेवायचे, बाकीच्यांना नारळ. ज्यांना सोडलं त्यांतले काही प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये परत येतात. ते टीमबरोबर रोज सराव करतात आणि गरज पडली तर त्यांतल्या दोघांना त्या एका सामन्यापुरतं वर घेता येतं. सामन्याच्या दिवशी ५३ पैकी जास्तीत जास्त ४८ जण गणवेशात असतात. कुणी जास्त दुखावला, तर त्याला राखीव यादीत टाकतात आणि मग किमान चार सामने तो बाहेर.

म्हणून रोस्टर ही एकदा बनवून भिंतीवर लावायची यादी नव्हे. ती दर मंगळवारी, बुधवारी बदलत असते. सप्टेंबर ते जानेवारी १८ आठवड्यांत १७ सामने, एक आठवडा सुट्टी, आणि प्रत्येक सामन्यात कुणाचा तरी गुडघा, खांदा, डोकं. टिकून राहायला माणसं लागतात.

प्रश्न : २०२३ मध्ये टीम चांगली होती ना? मग एवढे बदल कशासाठी?

चांगली होती, डिसेंबरपर्यंत. पहिल्या ११ पैकी १० सामने जिंकले आणि त्यानंतर टीम अक्षरशः ढासळली. उरलेल्या सहापैकी पाच हरले, मोसम ११-६ (११ विजय, ६ पराभव) वर संपला, आणि प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, पहिल्याच सामन्यात टँपा बेने ३२-९ असं झोडपलं. बचाव सांभाळणारा प्रशिक्षक डिसेंबरमध्येच बाजूला केला होता, त्यानेही काही सुधारलं नाही. प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला मधला भाग मोकळा मिळायचा आणि ईगल्सचा बचाव त्याच त्या चुका करायचा. मुख्य प्रशिक्षक निक सिरियानी यांची नोकरी जाते की काय अशी चर्चा इथे चहाच्या दुकानापासून रेडिओपर्यंत होती. मालक जेफ्री लुरी यांनी त्यांना ठेवलं, पण हाताखालचे दोन्ही मोठे प्रशिक्षक बदलले. आक्रमणासाठी केलन मूर आले, बचावासाठी विक फँजिओ.

फँजिओ पेनसिल्व्हेनियातल्या डनमोरचे. पासष्टीचे, चेहऱ्यावर फारसे भाव नसलेले गृहस्थ. माझ्या मते त्या वर्षीचा सगळ्यात महत्त्वाचा बदल तेच होते, आणि ते तर खेळाडूही नव्हेत.

प्रश्न : कोण कोण गेलं? जेसन केल्सी नसताना टीम कशी चालली?

या प्रश्नाला मी पटकन उत्तर देऊ शकत नाही.

केल्सी १३ मोसम ईगल्सकडे खेळले, सगळे याच शहरात. जागा सेंटरची, म्हणजे दर खेळीला चेंडू पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे देणारा आणि पुढच्याच क्षणी समोरच्या दांडगटाला अडवणारा माणूस. कोण कुठून धावून येणार आहे हे ओळखून बाकी चौघांना ओरडून सांगणं हेही त्यांचंच काम. ४ मार्च २०२४ ला त्यांनी निवृत्ती जाहीर केली. बाह्या कापलेला टीशर्ट घालून आले, बोलायला उभे राहिले आणि पहिलं वाक्य तोंडातून निघायच्या आधीच रडू लागले. आईवडील आणि भाऊ ट्रॅव्हिस समोर बसलेले. पुढचा कितीतरी वेळ ते कागद हातात धरून, नाक पुसत, एकेकाचे आभार मानत होते. त्या दिवशी आमच्या ऑफिसात दुपारची मीटिंग कुणी सुरूच केली नाही.

पाठोपाठ सहाच दिवसांत १२ मोसम खेळलेले फ्लेचर कॉक्सही निवृत्त झाले. ते बचावाच्या फळीत मधोमध उभे राहायचे. म्हणजे आक्रमण आणि बचाव, दोन्हींचे कणे एकाच आठवड्यात गेले. शिवाय रनिंग बॅक डिआंड्रे स्विफ्ट शिकागोला गेला, नवा करार मागणाऱ्या हासन रेडिकला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवलं, राखीव क्वार्टरबॅक मार्कस मरिओटा वॉशिंग्टनला गेला.

केल्सींची जागा कॅम जर्गन्सने घेतली. त्याला दोन वर्षं आधीच ड्राफ्टमध्ये (टीमनी कॉलेजमधले नवे खेळाडू आळीपाळीने निवडायची पद्धत) घेऊन केल्सींच्या हाताखाली तयार केलं होतं. घरातली मोठी व्यक्ती निवृत्त होणार हे ओळखून धाकट्याला आधीच दुकानात बसवतात, तसं. ईगल्सच्या व्यवस्थापनाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

प्रश्न : सेक्वॉन बार्कली न्यूयॉर्कचा होता ना? तो इकडे कसा आला?

न्यूयॉर्क जायंट्सनी त्याला २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलं होतं. सहा वर्षांत त्याने टीमला खूप दिलं, पण मध्ये गुडघ्याची मोठी दुखापत झाली आणि टीम बहुतेक वर्षं हरतच राहिली. २०२४ मध्ये जायंट्सनी नव्या करारासाठी फारसा हात सैल केला नाही. त्या काळात सगळीकडे एकच हिशेब मांडला जायचा : रनिंग बॅक सत्ताविशीत थकतो, त्याच्यावर मोठी रक्कम लावू नये.

ईगल्सनी तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरचा करार केला, त्यात २ कोटी ६० लाखांची हमी. दोन्ही टीम एकाच गटातल्या, वर्षातून दोनदा समोरासमोर येणाऱ्या, हाडवैरी. त्यात बार्कली लहानाचा मोठा झाला पेनसिल्व्हेनियातच, व्हाइटहॉलला, कॉलेजही पेन स्टेट. तो माहेरी आला असंच इथल्यांना वाटलं.

पहिला सामना ६ सप्टेंबरला ब्राझीलमध्ये, साओ पावलोत. या लीगचा दक्षिण अमेरिकेतला पहिलाच अधिकृत सामना. घसरत्या मैदानावर बार्कलीने ग्रीन बेविरुद्ध तीन टचडाउन केले आणि ईगल्स ३४-२९ जिंकले. ऑक्टोबरमध्ये तो जायंट्सच्या मैदानावर परत गेला, १७६ यार्ड पळाला, ईगल्स २८-३ जिंकले.

मात्र एकच खेळी बघायची असेल तर ३ नोव्हेंबरची, जॅक्सनव्हिलविरुद्धची बघा. बार्कली एक छोटा पास झेलतो आणि पहिल्याला चुकवतो. दुसऱ्यासमोर गर्रकन फिरतो, त्यामुळे त्याची पाठ पुढच्या दिशेला होते. तेवढ्यात तिसरा खाली वाकून पायात शिरतो, आणि बार्कली तसाच, पाठमोरा, त्याच्यावरून उडी मारतो. मागे कोण आहे हे त्याला दिसत नव्हतं. दोन्ही पाय मोकळे सुटून तो खाली उतरला आणि आणखी पुढे गेला. बाजूला उभा असलेला प्रशिक्षक तोंडावर हात ठेवून बघत होता. माझ्या सहा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या दिवशी सोफ्यावरून तसंच करायचा प्रयत्न केला. उशा आधीच टाकल्या होत्या म्हणून निभावलं.

प्रश्न : त्याने मोसमाचा विक्रम का मोडला नाही?

एका मोसमात चेंडू घेऊन पळण्याचा एरिक डिकरसनचा १९८४ चा विक्रम आहे २,१०५ यार्डांचा. १६ सामन्यांनंतर बार्कली २,००५ वर होता, म्हणजे विक्रम मोडायला १०१ हवे होते आणि शेवटचा सामना जायंट्सशी, घरच्या मैदानावर. पण प्लेऑफमधलं ईगल्सचं स्थान तोवर पक्कं झालं होतं. सिरियानींनी मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली, त्यात बार्कलीही.

इथे यावर भरपूर वाद झाला. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता. १६ सामन्यांत ३४५ वेळा चेंडू घेऊन पळालेल्या माणसाला एका आकड्यासाठी पुन्हा त्या दंगलीत ढकलायचं, हे मनाला पटत नव्हतं. पुढे प्लेऑफच्या चार सामन्यांत तो आणखी ४९९ यार्ड पळाला. मोसम आणि प्लेऑफ मिळून २,५०४. हा मात्र विक्रम झाला, टेरेल डेव्हिसचा २,४७६ चा मागे टाकून.

प्रश्न : सगळं श्रेय बार्कलीलाच का? त्याच्यापुढचे पाच जण कोण?

बरं झालं विचारलंत. डावीकडून उजवीकडे : जॉर्डन मायलाटा, लँडन डिकरसन, कॅम जर्गन्स, मकाय बेक्टन, लेन जॉन्सन.

मायलाटा ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा, रग्बी लीग खेळणारा. ६ फूट ८ इंच. २०१८ मध्ये ईगल्सनी त्याला ड्राफ्टच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत घेतलं तेव्हा त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे, इथपासून त्याला लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी शिकवलं.

बेक्टनची गोष्ट वेगळी. जेट्सनी २०२० मध्ये त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं, मग दुखापती, वजनावरून टोमणे, आणि चार वर्षांनी कुणालाही नको असलेला खेळाडू. ईगल्सनी एका वर्षाच्या स्वस्त करारावर आणलं. तो आयुष्यभर लाइनच्या टोकाला खेळलेला; स्टाउटलंड यांनी त्याला आत, गार्डच्या जागेवर घेतलं. ६ फूट ७ इंचांचा गार्ड म्हणजे जवळपास दारात कपाट लावण्यासारखं. तोच माणूस फेब्रुवारीत करंडक हातात धरून उभा होता. एखाद्याची जागा चुकलेली असते, तो माणूस चुकीचा नसतो, हे बेक्टनकडे बघून पटतं.

प्रश्न : बचाव एका वर्षात एवढा कसा सुधारला?

फँजिओंच्या हाताला तीन माणसं लागली.

झॅक बॉन न्यू ऑर्लिन्सकडे चार वर्षं मुख्यतः बदली आणि किकच्या खेळींत खेळायचा. ईगल्सनी त्याला एका वर्षासाठी ३५ लाख डॉलरवर घेतलं, या लीगच्या मानाने किरकोळ रक्कम. फँजिओंनी त्याला कडेवरून काढून मधोमध लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा राहणारा, केलं. मोसमाअखेर १५१ टॅकल (चेंडू घेतलेल्याला पाडणं) आणि देशातल्या सर्वोत्तम अकरांत, म्हणजे ऑल-प्रोच्या पहिल्या संघात, नाव.

कॉर्नरबॅक, म्हणजे कडेच्या रिसीव्हरला रोखणारा, क्विन्यॉन मिचेल ड्राफ्टमध्ये बाविसाव्या क्रमांकावर आला, टोलेडो विद्यापीठातून. कूपर डिजीन दुसऱ्या फेरीत चाळिसावा, आयोवाचा. गंमत म्हणजे डिजीनसाठी वर सरकायला ईगल्सनी जी निवड घेतली ती गटातल्याच वॉशिंग्टनकडून. शिबिरात डिजीनचा मांडीमागचा स्नायू दुखावला, म्हणून पहिले काही आठवडे तो फारसा दिसला नाही. ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलंडविरुद्ध त्याला स्लॉटच्या जागेवर (आतल्या बाजूच्या रिसीव्हरसमोर) उतरवलं आणि त्या दिवसापासून बचावाचा मधला भाग मिटला. २०२३ मध्ये प्रतिस्पर्धी जिथून आरपार जात होते, अगदी तीच जागा.

यात जुनी मंडळीही होतीच : जॅलन कार्टर, जॉर्डन डेव्हिस, जोश स्वेट, मिल्टन विल्यम्स, डॅरियस स्ले, शिवाय डेट्रॉइटमधून परतलेला सी. जे. गार्डनर-जॉन्सन. मोसमात सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव ईगल्सचा ठरला.

प्रश्न : सुरुवात मात्र खराब होती ना?

हो, २-२. अटलांटाविरुद्ध १८-१५ ने पुढे असताना, पावणेदोन मिनिटं उरलेली, बार्कलीच्या हातातून सोपा झेल सुटला. तो धरला असता तर सामना तिथेच संपत होता. त्याऐवजी ईगल्सना आणखी फक्त तीन गुण मिळाले आणि अटलांटाने ७० यार्ड जाऊन २२-२१ ने जिंकला. बार्कलीने दोष सरळ स्वतःवर घेतला. दोन आठवड्यांनी टँपा बेने पुन्हा ३३-१६ असं हरवलं, रिसीव्हर ए. जे. ब्राऊन आणि डेव्हाँटा स्मिथ, लाइनमधला लेन जॉन्सन, तिघेही जायबंदी होते.

मग सुट्टीचा आठवडा आला आणि तिथून गाडी रुळावर आली. क्वार्टरबॅक जॅलन हर्ट्सने पहिल्या चार सामन्यांत चार वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकला होता. उरलेल्या मोसमात फक्त एकदा. आक्रमणाने फेकण्यापेक्षा पळण्यावर भर दिला आणि सलग १० सामने जिंकले. ही साखळी २२ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये तुटली. हर्ट्सच्या डोक्याला मार बसून तो बाहेर गेला आणि ३६-३३ असा निसटता पराभव झाला. शेवट १४-३.

प्रश्न : ‘टश पुश’ काय प्रकार आहे? त्यावर बंदी येणार होती ना?

एक यार्ड हवा असला की हर्ट्स चेंडू घेऊन भिंतीत घुसतो आणि मागचे दोघे त्याला पाठीमागून ढकलतात. सगळ्यांना माहीत असतं काय होणार आहे, तरी थांबवता येत नाही.

कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात (सुपर बोलच्या आधीचा सामना) वॉशिंग्टनचा फ्रँकी लुवू चेंडू हलायच्या आधीच भिंतीवरून उडी मारून पलीकडे पडला. दंड झाला. पुन्हा उडी, पुन्हा दंड. शेवटी पंच शॉन होक्युली यांनी मैदानभर ऐकू जाईल असं जाहीर केलं की हे असंच चालू राहिलं तर आम्ही परस्पर गुण देऊ शकतो. असा नियम आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या खेळीत हर्ट्स आत गेला.

मे २०२५ मध्ये ग्रीन बेच्या प्रस्तावावर मतदान झालं. बंदीसाठी ३२ पैकी २४ मतं हवी होती, २२ पडली. खेळी राहिली. ज्यांना ती थांबवायची आहे त्यांनी तशी लाइन उभी करावी, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : प्लेऑफमधला सर्वांत अवघड सामना कोणता?

लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्धचा, १९ जानेवारी. ग्रीन बेला २२-१० हरवलं होतं आणि वॉशिंग्टनला पुढे ५५-२३ असं हरवलं, त्या दोन्हींत जीव एवढा टांगणीला लागला नाही.

त्या दिवशी बर्फ पडत होता. दुसऱ्या डावात इतका, की यार्डाच्या पांढऱ्या रेषा दिसेनात आणि कर्मचारी ब्लोअर घेऊन त्या मोकळ्या करत होते. बार्कलीने आधी ६२ यार्डांचा टचडाउन केला होता. साडेचार मिनिटं उरली असताना तो पुन्हा सुटला, ७८ यार्ड, मागे बर्फ उडवत. झालं, जिंकलो, असं म्हणेपर्यंत रॅम्सनी टचडाउन करून २८-२२ केलं, चेंडू परत मिळवला आणि थेट आमच्या दारात येऊन उभे राहिले. तिथे जॅलन कार्टरने त्यांचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डला चेंडू फेकायच्या आधीच पाडलं. पुढचा पास खाली पडला आणि सामना संपला. बार्कली त्या दिवशी २०५ यार्ड पळाला, पण मला आठवतो तो कार्टर.

प्रश्न : सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी एवढी सहज कशी हरली?

कॅन्सस सिटी सलग तिसरं अजिंक्यपद मिळवायला आली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच आम्हाला ३८-३५ असं हरवलं होतं. न्यू ऑर्लिन्समध्ये मध्यंतराला धावफलक होता २४-०, आणि त्यांचे तोवरचे एकूण यार्ड २३.

कारण लाइन. त्यांच्या लाइनच्या डाव्या टोकाची जागा (डावा टॅकल) मोसमभर नीट बसलीच नव्हती. गार्ड असलेल्या जो थूनीला तिथे उभं केलं होतं. फँजिओंनी ते हेरलं. त्यांनी संपूर्ण सामन्यात एकदाही जादा माणूस धाडला नाही. पुढच्या चौघांनीच त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सला सहा वेळा पाडलं, त्यात अडीच वेळा स्वेटने, दोनदा विल्यम्सने. मागे सात जण झेलणाऱ्यांवर नजर ठेवून निवांत उभे. माहोम्सला फेकायला जागाही नाही आणि वेळही नाही.

दुसऱ्या सत्रात तो उजवीकडे पळत मैदानाच्या मध्यात फेकायला गेला. डिजीन आधीच तिथे येऊन थांबला होता. चेंडू छातीशी धरून तो ३८ यार्ड पळत सुटला, थेट टचडाउन, १७-०. त्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस होता. बार्कलीचाही त्याच दिवशी, अठ्ठाविसावा. थोड्या वेळाने बॉननेही एक पास हिसकावला, तोही त्याच न्यू ऑर्लिन्सच्या स्टेडियममध्ये, जिथे चार वर्षं त्याला कुणी नीट खेळवलं नव्हतं. शेवटी ४०-२२. हर्ट्स सर्वोत्तम खेळाडू.

प्रश्न : म्हणजे त्या वर्षीचे सगळेच निर्णय बरोबर ठरले?

नाही. ब्राइस हफला बचावासाठी तीन वर्षांच्या, ५ कोटी डॉलरच्या वरच्या करारावर आणलं आणि तो बसलाच नाही. सुपर बोलच्या दिवशी तो खेळणाऱ्यांच्या यादीतही नव्हता. डेव्हिन व्हाइट लाइनबॅकर म्हणून आला, ऑक्टोबरमध्ये गेला. त्याच जागेवर बॉन चमकला आणि मार्च २०२५ मध्ये बॉनला तीन वर्षांसाठी ५ कोटी १० लाख मिळाले. हफच्या करारात आणि यात फारसा फरक नाही. फक्त हे पैसे डोळ्यांनी बघून, खात्री करून दिलेले होते.

प्रश्न : जिंकलेली टीम तशीच का ठेवली नाही? स्वेट, विल्यम्स का गेले?

काका दर फोनला हेच विचारतात. उत्तर आहे सॅलरी कॅप. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची थैली सारखी असते, तसाच इथेही सगळ्या टीमना वर्षाचा एकच कमाल आकडा : २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख डॉलर, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. फक्त इथे हातोडा नाही. करार संपला की खेळाडू वाटाघाट करून कुठेही जाऊ शकतो.

करारातला बोनस खेळाडूला लगेच मिळतो, पण हिशेबात तो पाच वर्षांपर्यंत वाटता येतो. ५ कोटींचा बोनस म्हणजे दरवर्षी १ कोटी. आज जागा होते, उद्याचा हप्ता वाढतो. खेळाडू मध्येच गेला तर उरलेले हप्ते टीमच्याच डोक्यावर बसतात. ईगल्सचे व्यवस्थापक हाउवी रोझमन हे गणित इतर अनेकांपेक्षा धीटपणे वापरतात, पण तेही कुठेतरी थांबतं.

त्यामुळे विल्यम्स चार वर्षांच्या १० कोटी ४० लाखांवर न्यू इंग्लंडला गेला, स्वेट ॲरिझोनाला, बेक्टन लॉस एंजेलिस चार्जर्सकडे. स्लेला सोडलं, तो पिट्सबर्गला गेला. गार्डनर-जॉन्सनला ह्यूस्टनकडे दिलं. केलन मूर न्यू ऑर्लिन्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. करार संपून असे खेळाडू गेल्याच्या बदल्यात लीग पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये जादा निवडी देते, आणि रोझमन त्यावरच पुढचे मिचेल-डिजीन शोधतात. नव्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा आणि स्वस्त. म्हणून मिचेल आणि डिजीन राहिले, विल्यम्स गेला. यात कुणी कुणाला दगा दिला नाही. विल्यम्सला ती रक्कम मिळाली याचा मला आनंदच झाला, जरी त्या रात्री जेवण गेलं नाही.

प्रश्न : मग २०२५ चा मोसम कसा गेला?

११-६, गटात पुन्हा पहिले, आणि प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोकडून २३-१९ ने पराभव. बचाव टिकला. आक्रमण मात्र अडखळत राहिलं. लाइनला दुखापतींनी पोखरलं आणि बार्कलीला आदल्या वर्षीसारख्या वाटा मिळाल्या नाहीत. सुपर बोलनंतर निवृत्त झालेले बचावातले ब्रँडन ग्रॅहम ऑक्टोबरमध्ये परत आले, कारण बचावाच्या कडेला माणसं कमी पडत होती. रोस्टरचं काम कधी संपत नाही, ते असं.

प्रश्न : भारतातून बघायचं तर किती वाजता?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथला दुपारी १ चा सामना तुमच्याकडे रविवारी रात्री १०.३० ला सुरू होतो. ४.२५ चा सामना उजाडत्या सोमवारी पहाटे १.५५ ला, आणि रात्री ८.२० चा सोमवारी सकाळी ५.५० ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात, तेव्हापासून या सगळ्यांत एक तास मिळवा. सुपर बोल सोमवारी पहाटे ५ च्या सुमारास. पहिल्यांदाच बघत असाल तर १०.३० चा घ्या आणि पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका. त्या पाच जणांकडे बघा.